सामाजी, शमुवेल, सॅम्युअल: एका नवसाच्या नावाचा अर्थ

पूर्वी एखाद्या घरात मुलं जगत नसली, की पुढच्या मुलाचं नाव मुद्दाम दगडू किंवा धोंडू ठेवत. यमालाच वाटावं, या दगडाला नेऊन काय करायचं! आणि नवस बोलून, देवापुढे पदर पसरून मूल झालं, तर तो भिकाजी. भिकाजी म्हणजे भीक मागणारा नव्हे, देवाकडून भीक मागून आणलेला. आता ही नावं कुणी ठेवत नाही, पण आजोबा-पणजोबांच्या सातबाऱ्यावर ती अजून सापडतात.

बायबलमधला शमुवेल, म्हणजे इंग्रजीतला सॅम्युअल, हा अशाच एका घरातला मुलगा. नवसाने झालेला. त्याच्या आईने नाव ठेवताना कारणही सांगून ठेवलं आहे: मी याला परमेश्वरापाशी मागून घेतलं. म्हणजे सॅम्युअल हा सरळसरळ भिकाजीच, असं म्हणून विषय संपवता आला असता. अडचण एवढीच, की हिब्रू भाषेत 'शमुवेल' या शब्दाचा अर्थ 'मागून घेतलेला' असा होत नाही. बाळांच्या नावांच्या पुस्तकांत आणि याद्यांत 'देवाने ऐकले' असा अर्थ छापलेला असतो. तोही व्याकरणात नीट बसत नाही. मग या नावाचा अर्थ तरी काय?

हे सोडवायला हिब्रू यावं लागत नाही. आपल्या रोजच्या मराठीतले दोन-तीन शब्द पुरतात. पण आधी गोष्ट.

हन्नाचा नवस

काळ साधारण इसवी सनापूर्वीच्या अकराव्या शतकातला. इस्राएलात अजून राजा नाही, यरुशलेमचं मंदिर बांधलेलं नाही. देवाचा कोश, म्हणजे पवित्र पेटी, शिलो नावाच्या गावी ठेवलेला आहे आणि लोक वर्षाच्या वर्षाला तिथे यात्रेला जातात. एफ्राईमच्या डोंगराळ मुलखातला एलकाना नावाचा गृहस्थही सहकुटुंब जातो. त्याला दोन बायका. पनिन्नाला मुलंबाळं आहेत, हन्नाची कूस रिकामी आहे. यज्ञाचा प्रसाद वाटताना पनिन्नाच्या ताटात तिचा आणि तिच्या मुलांचा वाटा पडतो, हन्नाच्या ताटात तिचा एकटीचा. त्यावरून पनिन्ना तिला दरवर्षी टोचून बोलते. हन्ना जेवत नाही, रडत बसते. नवरा समजूत काढतो: अगं, दहा मुलांपेक्षा मी तुला जास्त नाही का? (तीन हजार वर्षांपूर्वीचा नवरा, पण उत्तर ओळखीचं वाटतं.) हन्ना त्याला काही उत्तर देत नाही. उठून देवळाकडे जाते.

तिथे ती मनातल्या मनात प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज मात्र नाही. दाराशी बसलेला म्हातारा याजक एली तिच्याकडे पाहतो आणि त्याला वाटतं, बाई प्यायलेली आहे. तो तिला खडसावतोसुद्धा. खरं कळल्यावर मात्र म्हणतो, शांतीने जा, तू जे मागितलंस ते देव तुला देवो.

तिने बोललेला नवस असा: मुलगा दे, मी त्याला आयुष्यभरासाठी तुलाच वाहीन, त्याच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. मुलगा होतो. अंगावरचं दूध तुटल्यावर ती त्याला शिलोला आणून एलीच्या हवाली करते. खंडोबाला नवस बोलून झालेलं पहिलं मूल वाघ्या म्हणून देवाला सोडायची चाल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे दृश्य वेगळं समजावून सांगायला नको. मूल हवं म्हणून नवस आणि मूल झालं की तेच देऊन टाकायचं. पुढे एक छोटं वाक्य येतं: त्याची आई दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून यात्रेला घेऊन जात असे. दर वर्षी थोड्या मोठ्या मापाचा, हे त्यात लिहिलेलं नाही, पण वाचताना ते दिसतंच.

आता नावाकडे.

सवाल, समा आणि इसम

हिब्रू आणि अरबी या चुलत बहिणी. दोन्हींत शब्द बहुतेक तीन व्यंजनांच्या धातूवरून बनतात आणि हिब्रूत जिथे 'श' असतो तिथे अरबीत बऱ्याचदा 'स' येतो. हिब्रूतलं शालोम, अरबीतलं सलाम. अरबी शब्द फारसीच्या हाताला धरून मराठीत आले, दरबारात आणि कचेरीत रुळले, आणि आज ते परके आहेत हेही आपल्याला आठवत नाही. त्यामुळे हिब्रूतल्या कितीतरी शब्दांची भावंडं आपल्या बोलण्यात सहज सापडतात.

हन्ना म्हणते, 'मी याला मागून घेतलं.' मागणे, विचारणे यासाठी हिब्रू क्रियापद आहे 'शाअल'. त्याचं अरबी भावंड 'सअल', आणि त्यावरून आलेला शब्द म्हणजे आपला सवाल. तमाशातल्या सवाल-जवाबातला सवाल. या धातूवरून 'मागितलेला' असा अर्थ हवा असेल तर हिब्रूत शब्द होतो 'शाऊल'. बायबल वाचणारा इथे दचकतो, कारण शाऊल हे शमुवेलाचं नाव नाही. ते इस्राएलच्या पहिल्या राजाचं नाव आहे. मराठी बायबलमध्ये तो शौल. गंमत म्हणजे मुलाला देवळात सोपवताना हन्ना जे वाक्य बोलते, त्यात 'तो परमेश्वराला दिलेला आहे' या अर्थाने अक्षरश: 'शाऊल' हाच शब्द येतो. या जन्मकथेत हा धातू पुन:पुन्हा वाजत राहतो, एलीच्या तोंडी, हन्नाच्या तोंडी.

यावरून काही अभ्यासकांनी तर्क लढवला, की ही जन्मकथा मुळात शौलाची असावी आणि पुढे कुणीतरी ती शमुवेलाला जोडली असावी. तर्क मोहात पाडणारा आहे. मला मात्र तो पटत नाही. कारण बायबलमधल्या याच शमुवेलाच्या पुस्तकात पुढे इस्राएलचे लोक शमुवेलाकडे येऊन राजा मागतात, आणि तिथेही क्रियापद तेच, शाअल. एका बाईने मुलगा मागितला आणि तिला शमुवेल मिळाला. साऱ्या लोकांनी राजा मागितला आणि त्यांना शौल मिळाला. पहिलं मागणं फळलं, दुसरं पस्तावायला लावणारं ठरलं. हा सांधा चुकून बसलेला नाही, लिहिणाऱ्याने जाणूनबुजून बसवला आहे, असंच मला वाटतं.

दुसरा अर्थ, नावांच्या याद्यांतला: देवाने ऐकले. ऐकणे म्हणजे हिब्रूत 'शामा', अरबीत 'समिअ'. सूफींच्या गाण्याच्या मैफलीला 'समा' म्हणतात तो यातलाच, ऐकण्यावरून आलेला. आणि 'देव ऐकतो' या अर्थाचं नाव बायबलमध्ये खरोखरच आहे: यिश्माएल, आपल्या ओळखीचा इस्माईल. ओळीने लावून पाहिलं तर यिश्माएल आणि शमुवेल ही सख्खी भावंडं वाटतात. इथेच फसायला होतं.

ऐकण्याच्या या धातूतलं तिसरं व्यंजन 'ऐन' आहे, घशातून आत दाबून काढायचा आवाज. अक्कल, अर्ज, अमल, ईद या शब्दांच्या सुरुवातीला अरबीत हाच ऐन आहे. आपण तो कधीच सोडून दिला, आपल्याला त्याच्यावाचून काही अडत नाही. पण हिब्रू लिहिणाऱ्याला ऐन म्हणजे आपल्या 'क'सारखं पूर्ण व्यंजन, ते असं गळून पडत नाही. यिश्माएलमध्ये ऐन जागच्या जागी आहे. ऐकण्यावरूनच आलेल्या शिमोन या नावातही आहे. शमुवेलमध्ये नाही. त्यात पाच अक्षरं: शिन, मेम, वाव, आलेफ, लामेद. ऐनाचा पत्ता नाही. म्हणून 'देवाने ऐकले' हा अर्थ गोड असला तरी अक्षरं त्याची साक्ष देत नाहीत.

राहिला तिसरा. 'शेम' म्हणजे नाव. अरबीत 'इस्म'. मराठीत त्याचाच झाला इसम. पोलिसांच्या पंचनाम्यात 'एक अनोळखी इसम' लिहितात तेव्हा शब्दश: ते 'एक अनोळखी नाव' असं लिहीत असतात. मूळ अर्थ 'नाव', आपल्याकडे झाला 'माणूस'. शमुवेल फोडला तर 'शमु' अधिक 'एल'. एल म्हणजे देव: दानिएल, गब्रिएल, मिखाएल, खुद्द इस्राएल, या सगळ्यांच्या शेवटचा एल तोच. म्हणजे अर्थ होतो 'देवाचं नाव' किंवा 'त्याचं नाव एल'. मधला 'उ' हा जुन्या काळच्या विभक्तीचा उरलेला अवशेष मानतात.

याला पुरावा बायबलबाहेरही आहे. शमुवेलाच्या कितीतरी शतकं आधी, इसवी सनापूर्वी एकोणिसाव्या शतकात, मेसोपोटेमियातल्या लार्सा शहरावर सुमुएल नावाचा राजा राज्य करत होता. त्याच सुमाराला बाबिलोनवर सुमुलाएल होता, कायदे कोरून ठेवणाऱ्या हम्मुराबीचा खापरपणजोबा. यातलं 'सुमु' म्हणजे नाव. पण या जुन्या नावांत 'नाव' या शब्दाला आणखी एक छटा असावी असं अभ्यासक सांगतात: संतती, वारस. मराठी माणसाला ही छटा पटकन कळेल. मुलगा झाला की आपल्याकडेही 'नाव चालवणारा आला' म्हणतात. नाव म्हणजेच वंश. त्या अर्थाने शमुवेल हा देवाचं नाव चालवणारा. माझं मत विचाराल तर मी या तिसऱ्या अर्थाच्या बाजूने. शिवाय हे नाव एकट्या हन्नाच्या मुलाचं नव्हतं. बायबलच्या गणना या पुस्तकात अम्मीहूदाचा मुलगा शमुवेल भेटतो, दुसऱ्याच वंशातला. त्याच्या आईने काय मागितलं होतं, याची कुठे नोंद नाही.

मग हन्ना चुकली का? तसं म्हणणं म्हणजे कीर्तनकाराला व्याकरणाच्या परीक्षेला बसवण्यासारखं आहे. कीर्तनकार बुवा एखाद्या शब्दाची फोड करतात, 'वि म्हणजे हे आणि ठ्ठल म्हणजे ते', तेव्हा श्रोते शब्दकोश उघडत नाहीत. नादावर नाद बसला आणि अर्थ मनात उतरला की काम झालं. बायबलमधल्या आया नावं ठेवताना हेच करतात. शमुवेल आणि शाअल यांचा नाद जुळतो, तेवढं तिला पुरे आहे. ही व्युत्पत्ती नव्हे, ही आठवण आहे. मध्ययुगातल्या यहुदी भाष्यकारांनी पुढे खटपट करून 'शाऊल मे-एल', म्हणजे 'देवाकडून मागितलेला', याचंच आखडून शमुवेल झालं अशी जुळवाजुळवही केली. आईचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हाच त्यातला हेतू असणार.

आणि ऐकण्याचा अर्थही अगदीच हवेतला नाही. तो पुढच्या प्रसंगात येतो. रात्री देवळात झोपलेल्या पोराला कुणीतरी हाक मारतं. एलीने बोलावलं असेल म्हणून तो धावत जातो, एली म्हणतो मी नाही हाक मारली, जा झोप. असं तीनदा होतं. तेव्हा एलीच्या ध्यानात येतं आणि तो पोराला शिकवतो, की पुन्हा हाक आली तर म्हण, बोल, तुझा दास ऐकत आहे. इथे 'ऐकत आहे'साठी तेच क्रियापद आहे, शामा. म्हणजे या नावात ऐकणं शोधायचंच असेल तर ऐकणारा देव नव्हे, ऐकणारा तो मुलगा आहे.

'श' कुठे गेला?

शमुवेलचा सॅम्युअल होण्याचं कारण अगदी साधं आहे. ग्रीक भाषेला 'श' नाही. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांनी आपले धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणले तेव्हा जिथे जिथे 'श' होता तिथे 'स' बसला. शमुवेलचा सामुएल, शलोमोचा सॉलोमन, शिमशोनचा सॅमसन, शिमोनचा सायमन. ग्रीकमधून लॅटिन, लॅटिनमधून युरोपभर. इंग्रजांनी आपल्या सवयीने 'यु' घुसवला आणि सामुएलचा सॅम्युअल केला.

मराठी बायबलने मात्र हे 'श' परत आणले. शमुवेल, शलमोन, शमशोन, शिमोन, शौल, मोशे: ही सगळी रूपं ग्रीक-इंग्रजीचा वळसा न घेता हिब्रूकडे तोंड करून बसलेली आहेत. मराठी प्रोटेस्टंट कुटुंबातला एखादा माणूस शाळेच्या दाखल्यावर सॅम्युअल आणि उपासनेच्या वेळी वाचनात शमुवेल ऐकतो, त्यामागे हा इतिहास आहे. दोन्ही नावं एकच, पण एक लंडनमार्गे आलेलं, दुसरं थेट.

बाकीची रूपं चटकन सांगतो. यिद्दिश, म्हणजे युरोपातल्या यहुद्यांची बोली, बोलणारे लाडाने श्मुलिक म्हणतात, इटलीत सामुएले, फिनलंडमध्ये सामुली, रशियात आणि बल्गेरियात सामुईल. अरबीत सामावअल. सहाव्या शतकात अरबस्तानात याच नावाचा एक यहुदी कवी होऊन गेला. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली शस्त्रास्त्रं त्याने पोटच्या मुलाचा जीव गेला तरी शत्रूच्या हाती दिली नाहीत, असं सांगतात. 'सामावअलहून इमानी' ही म्हण अरबीत त्याच्यावरून पडली.

कुणी ठेवलं, कुणी नाही

यहुद्यांमध्ये हे नाव कधी खंडलंच नाही. तिसऱ्या शतकात बाबिलोनियातल्या नहरदेआ गावी शमुएल नावाचा मोठा धर्मशास्त्री होता. 'ज्या राज्यात राहतो त्या राज्याचा कायदा तोच कायदा' हे यहुदी धर्मशास्त्रातलं प्रसिद्ध सूत्र त्याचं. आकाशातल्या वाटा मला नहरदेआच्या गल्ल्यांइतक्या ओळखीच्या आहेत, असंही तो म्हणे, कारण तो ज्योतिर्विदही होता. अकराव्या शतकात स्पेनच्या ग्रॅनाडात मुसलमान राजाचा वजीर शमुएल हा-नागीद होता, हिब्रूतला उत्तम कवी. यरुशलेमच्या वायव्येला टेकडीवर शमुवेलाची मानली जाणारी कबर आहे, नबी सामविल. तिथे यहुदी आणि मुसलमान दोघेही येतात.

ख्रिस्ती जगात मात्र नशीब वेगवेगळं. पूर्वेकडच्या चर्चमध्ये बायबलच्या जुन्या करारातली, म्हणजे ख्रिस्तापूर्वीच्या भागातली, नावं बिनधास्त ठेवत. दहाव्या शतकाच्या अखेरीस बल्गेरियाचं राज्य सांभाळणारे चार भाऊ पाहा: दावीद, मोशे, अहरोन आणि सामुईल. सगळ्यात धाकटा सामुईल झार, म्हणजे सम्राट, झाला आणि १०१४ साली बायझंटाईन सम्राटाशी लढाई हरल्यावर लगेच मेला.

पश्चिम युरोपात तेव्हा नाव संतांचं ठेवायचं, कारण ज्या संताचं नाव तो पाठीराखा. त्यामुळे इंग्लंडात घरोघरी जॉन, विल्यम, थॉमस, आणि सॅम्युअल क्वचित. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेची लाट आली आणि चित्र पालटलं. सुधारणावाद्यांना, म्हणजे प्रोटेस्टंटांना, संतांचं स्तोम नको होतं. बायबल आता लोकांच्या भाषेत छापून घराघरांत आलं होतं, रात्री मोठ्याने वाचलं जात होतं, आणि त्यात नावांचा खजिनाच होता. उलट कॅथलिक चर्चने १५६६ च्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात पुन्हा बजावलं, की बाप्तिस्म्याला नाव संताचंच द्यावं. एकाच काळात एकीकडे हे, एकीकडे ते.

या फाट्याची खूण आपल्याकडेही दिसते. गोव्यात, वसईत पोर्तुगीज कॅथलिक वळणाने जुवांव, आंतोन, जुजे, फ्रान्सिस यांची रांग लागते. अमेरिकन मिशनने १८३१ पासून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, काम सुरू केलं, ते प्रोटेस्टंट. त्या बाजूच्या मराठी ख्रिस्ती घरांत शमुवेल, दानिएल, दावीद सहज भेटतात. नियम म्हणून सांगत नाही, अपवाद भरपूर आहेत. पण एखाद्या माणसाच्या नुसत्या नावावरून त्याच्या पणजोबाला कुठल्या पंथाच्या पाद्र्याने पाणी लावलं असेल, याचा अंदाज बांधता येतो.

इंग्लंडात सतराव्या शतकात सॅम्युअलची चलती सुरू झाली. १६६० च्या दशकातल्या लंडनची रोजनिशी लिहिणारा सॅम्युअल पीप्स हा शिंप्याचा मुलगा. १७५५ साली इंग्रजीचा मोठा कोश पुरा करणारा सॅम्युअल जॉन्सन हा पुस्तकविक्रेत्याचा. म्हणजे हे नाव उमरावांचं नव्हे, लिहित्यावाचत्या कष्टकरी मध्यमवर्गाचं. तिथून ते प्युरिटनांच्या, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांच्या, गलबतांतून अमेरिकेत गेलं आणि न्यू इंग्लंडच्या वसाहतींत अगदी रुजलं. १७७६ च्या सुमारास जोशुआ रेनॉल्ड्स या चित्रकाराने गुडघे टेकून हात जोडलेल्या बाळ शमुवेलाचं चित्र काढलं, त्याच्या छापील प्रती घरोघरी भिंतींवर लागल्या. आपल्याकडे रांगणारा बाळकृष्ण लागतो तशा. अशा चित्राखाली वाढलेल्या आईला मुलासाठी नाव सुचायला वेळ लागत नसेल.

अमेरिकेने तर सॅम हे नाव देशालाच देऊन टाकलं. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावचा सॅम्युअल विल्सन १८१२ च्या युद्धात सैन्याला मांस पुरवायचा. पिंपांवर सरकारी मालाची खूण म्हणून 'यू.एस.' छापलेलं असे. गावकरी थट्टेने म्हणायचे, हे आपल्या 'अंकल सॅम'चं. निदान असं सांगतात, आणि १९६१ साली अमेरिकी संसदेने ठराव करून या गोष्टीवर शिक्कामोर्तब केलं. तारयंत्राचा मोर्स सॅम्युअल, रिव्हॉल्व्हरचा कोल्ट सॅम्युअल, मार्क ट्वेनचं खरं नावही सॅम्युअलच. जर्मनीतल्या माइसेनचा सॅम्युअल हानेमान तर आपल्या गल्लीतल्या होमिओपॅथी दवाखान्याच्या भिंतीवरून रोज आपल्याकडे पाहत असतो.

विसाव्या शतकाच्या मध्याला या नावाची चमक ओसरली. बायबलमधली नावं म्हाताऱ्यांची वाटू लागली. पण अमेरिकेत १८८० पासून नावांची जी सरकारी यादी आहे, तिच्या पहिल्या शंभरातून सॅम्युअल बाहेर गेला नाही, आणि गेली वीसेक वर्षं तो पहिल्या तिसांत आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २००० सालाच्या आसपास तो पहिल्या दहांत होता. याचं कारण धर्मच असेल असं नाही. अशी नावं दोन पिढ्या विश्रांती घेतात आणि परत येतात. आजोबांचं नाव बापाला जुनाट वाटतं, नातवाला ते भारदस्त वाटतं. आपल्याकडे राघव आणि माधव परत आले, तसंच. शिवाय सॅम्युअलला एक सोय आहे: दाखल्यावर भारदस्त सॅम्युअल आणि मैदानावर दोन अक्षरांचा सॅम.

इथे एक सावधगिरी. भारतातला प्रत्येक सॅम हा सॅम्युअल नव्हे. पारशी घरांतला साम किंवा सॅम हा फारसी महाकाव्य शाहनाम्यातला, रुस्तमच्या आजोबाचं नाव साम, त्यावरून. तेव्हा एखाद्या पारशी सॅमच्या नावात हन्नाचा मुलगा शोधू नये. आणि सॅम पित्रोदा मुळात सत्यनारायण. अमेरिकेत गेल्यावर त्यांचा सॅम झाला.

मशीद बंदरचा सामाजी

मुंबईत मशीद बंदर स्टेशनात उतरून घाऊक व्यापाराच्या हातगाड्या चुकवत चाललं की सॅम्युअल स्ट्रीट लागते. कुणाला वाटेल, असेल कुणी गोरा साहेब. हा सॅम्युअल कोकणी होता आणि घरात मराठी बोलायचा. सॅम्युअल इझिकेल दिवेकर, आपल्या लोकांत सामाजी हसाजी दिवेकर.

तो बेने इस्राएल समाजातला. कोकणकिनाऱ्यावर नौगावजवळ गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी या यहुद्यांची परंपरा सांगते. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, म्हणून घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून: दिवेकर, पेणकर, रोहेकर. आणि जुनी हिब्रू नावं 'जी' लावून पार मराठी केलेली. अब्राहमचा अबाजी, इझिकेलचा हसाजी, शमुवेलचा सामाजी. ग्रीकांनी 'श'चा 'स' केला तो नाइलाजाने. कोकणातल्या या मंडळींना 'श' चांगला म्हणता येत होता, तरी संभाजी-रामाजीच्या शेजारात सामाजीच जिभेवर बसला असणार.

सामाजी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होता. दुसऱ्या म्हैसूर युद्धात तो टिपू सुलतानाच्या कैदेत पडला. समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ते असं: कैद्यांना एकेक करून जात-धर्म विचारला तेव्हा त्याने 'बेने इस्राएल' असं सांगितलं. टिपूच्या आईच्या कानावर ते गेलं. कुराणात ज्यांचा उल्लेख वाचला ते बनी इस्राईल आपण कधी पाहिले नव्हते, याला मारू नका, असं ती म्हणाली. सामाजी वाचला. आणि कैदेत त्याने नवस बोलला होता, की जिवंत घरी गेलो तर देवाचं घर बांधीन.

१७९६ साली त्याने ते बांधलं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनामंदिर, पुढे 'शाआर हारहामीम', म्हणजे दयेचं दार, या नावाने ओळखलं जाऊ लागलं. तेव्हा मराठी यहुदी लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत, मुंबईत ती जुनी मशीद झाली, आणि स्टेशनचं मशीद हे नाव त्यावरूनच पडलं असं सांगितलं जातं. १८६० साली ती आजच्या जागी, सॅम्युअल स्ट्रीटवर आली.

सामाजीला मात्र तिथे फार दिवस प्रार्थना करायला मिळाली नाही. नव्या सिनेगॉगसाठी धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या हव्या होत्या. त्या मिळवायला तो कोचीच्या यहुद्यांकडे गेला आणि १७९७ साली तिथेच वारला.